चेंडू एक, खेळ अनेक

'फुटबॉल' हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें एक वाटोळा चेंडू, दोन गोल आणि बावीस खेळाडू उभे राहतात. परंतु हाच शब्द मेलबर्न शहरांत उच्चारला असतां ऐकणाराच्या मनांत लांबट चेंडू व मैदानाच्या दोन्ही टोकांस रोंवलेले चार-चार खांब येतात. अमेरिकेंत उच्चारला असतां शिरस्त्राण घातलेले धिप्पाड गडी येतात. आणि आयर्लंडांतील एखाद्या खेड्यांत उच्चारला असतां हात व पाय या दोहोंनींही खेळावयाचा आणखी निराळाच खेळ अभिप्रेत असतो. नांव एक, पण खेळ भिन्न. जेथें असे दोन-तीन खेळ एकाच देशांत शेजारीं शेजारीं नांदतात, तेथें मैदानासाठीं, प्रेक्षकांसाठीं व मुलांच्या मनासाठीं त्यांची चढाओढ लागते. ही चढाओढ कशी उत्पन्न झाली, आपल्या देशांत व विशेषतः महाराष्ट्रांत तिचा निकाल कसा लागला, आणि त्या निकालापासून आपण विद्यार्थ्यांनीं काय बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम या खेळांच्या मूळ घराकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील प्रत्येक मोठ्या शाळेचा फुटबॉल स्वतंत्र होता. ईटनचे नियम निराळे, हॅरोचे निराळे. रग्बी येथील शाळेंत तर चेंडू हातांत घेऊन पळण्याची मुभा होती. शाळेच्या भिंतीआड हें सर्व ठीक चाले. परंतु हेच विद्यार्थी पुढें विद्यापीठांत एकत्र आले, तेव्हां कोणाच्या नियमांनीं खेळावयाचें, हा प्रश्न उभा राहिला. तो सोडविण्यासाठीं २६ ऑक्टोबर १८६३ रोजीं लंडनमधील फ्रीमेसन्स टॅव्हर्न या ठिकाणीं कांहीं क्लबांचे प्रतिनिधि जमले व त्यांनीं 'फुटबॉल असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. पुढील बैठकींत दोन मुद्द्यांवर घोडें अडलें : चेंडू हातीं घेऊन धावूं द्यावें कीं नाहीं, आणि प्रतिपक्ष्याच्या नडगीवर लाथ मारूं द्यावी कीं नाहीं. बहुमत दोहोंच्याही विरुद्ध गेलें. ब्लॅकहीथचा क्लब रागावून बाहेर पडला, आणि १८७१ सालीं रग्बीपंथी क्लबांनीं 'रग्बी फुटबॉल यूनियन' हा आपला निराळा संघ उभारला. नवल असें कीं, नडगीवर लाथ मारण्याची चाल त्या संघानेंही लागलीच बंद केली! ज्या मुद्द्यावरून भांडण विकोपास गेलें, त्यांतील अर्धा मुद्दा आपोआप नाहींसा झाला. परंतु एकदां दुभंगलेला खेळ पुन्हां सांधला गेला नाहीं.

रग्बीच्या घरांतही चोवीस वर्षांनीं फूट पडली. उत्तर इंग्लंडांतील पुष्कळसे खेळाडू गिरण्यांत व खाणींत राबणारे मजूर होते. सामन्यासाठीं त्यांस काम सोडावें लागे व मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी भरून द्यावी, अशी त्यांच्या क्लबांची मागणी; तर खेळासाठीं पैसा घेणें हा खेळाचा अपमान होय, असें दक्षिणेकडील सुखवस्तु मंडळींचें मत. अखेर १८९५ सालीं हडर्सफील्ड येथें उत्तरेकडील क्लब निराळे झाले. त्यांनीं पुढें पंधरांऐवजीं तेरा खेळाडूंचा नवा खेळ घडविला. तोच आजचा 'रग्बी लीग'.

तिसरें उदाहरण आयर्लंडचें. तेथें १८८४ सालीं 'गेलिक ॲथ्लेटिक असोसिएशन' स्थापन झाली. इंग्रजी सत्तेखालीं असलेल्या लोकांनीं आपले देशी खेळ जगवावे, हा तिचा हेतु. तिच्या सभासदांस असोसिएशन फुटबॉल, रग्बी, क्रिकेट यांसारखे परके खेळ खेळण्यास दीर्घकाळ बंदी होती. ती १९७१ सालीं उठली. हे सारे प्रवाह एकत्र पाहावयाचे असल्यास ऑस्ट्रेलियाकडे पाहावें. मेलबर्न येथें १८५९ सालीं, म्हणजे लंडनच्या असोसिएशनच्याही चार वर्षें अगोदर, फुटबॉलचे स्वतंत्र नियम लिहिले गेले. तोच खेळ आज त्या देशाच्या दक्षिण व पश्चिम भागांत शिरोमणि आहे. सिडनी व ब्रिस्बेनकडे रग्बी लीगचें प्राबल्य आहे. आणि रग्बी यूनियन व असोसिएशन हे दोन्ही खेळ या दोघां मातब्बरांच्या मधून आपली वाट काढीत असतात.

या उदाहरणांवरून खेळ फुटण्याचीं व वाढण्याचीं तीन कारणें स्पष्ट दिसतात. पहिलें, नियम, म्हणजे ते सर्वांस मान्य आहेत कीं नाहींत. दुसरें, ऐपत, म्हणजे गरिबास तो खेळ परवडतो कीं नाहीं. आणि तिसरें, आपलेपणा. म्हणजे तो खेळ 'आमचा' असें लोकांस वाटतें कीं नाहीं. अमुक खेळ अधिक चांगला, म्हणून तो जिंकला, असें यांत कोठेंही आढळत नाहीं. ही तीन मापें हातीं घेऊन आतां आपल्या देशाकडे वळूं.

हिंदुस्थानांत संघटित फुटबॉलचा मान प्रथम रग्बीस मिळाला, हें आज पुष्कळांस खरें वाटणार नाहीं. १८७२ सालच्या नाताळच्या दिवशीं कलकत्त्यांत इंग्लंडचे लोक एका बाजूस आणि स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्सचे लोक दुसऱ्या बाजूस, असा रग्बीचा सामना झाला. त्याची गोडी लागून १८७३ च्या आरंभीं 'कलकत्ता फुटबॉल क्लब' निघाला. परंतु थोड्याच वर्षांत उत्साह मावळला. रग्बी खेळणारें एक पायदळ कलकत्त्याहून निघून गेलें; उरलेल्या मंडळींस उष्ण हवेंत टेनिस व पोलो हे खेळ अधिक मानवूं लागले. तेव्हां सभासदांनीं क्लब मोडला, शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये पेढींतून काढून आटविले, आणि त्यांचा एक सुंदर चषक करवून १८७८ सालीं इंग्लंडास भेट पाठविला. त्याच्या तीन मुठी नागांच्या आकाराच्या असून झांकणावर हत्ती आहे. तोच 'कलकत्ता कप'. १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड त्यासाठीं झुंजत आले आहेत. रुपये आमचे, नाग-हत्ती आमचे. पण खेळाचें रोप मात्र त्या वेळीं येथें धरलें नाहीं. कारण तें गोऱ्या लोकांच्या कुंपणांतच लावलेलें होतें.

याच सुमाराची एक हकीकत बंगाल्यांत सांगितली जाते. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी हा हेअर स्कूलचा विद्यार्थी. साहेबांचा खेळ पाहून त्यानें मित्रांकडून वर्गणी जमविली व एक चेंडू विकत आणिला; पण तो निघाला रग्बीचा! मुलें तोच लाथाडूं लागलीं. प्रेसिडेन्सी कॉलेजांतील स्टॅक नांवाच्या एका युरोपीय अध्यापकांनीं तें पाहिलें व त्यांस असोसिएशनचा वाटोळा चेंडू मिळवून देऊन खेळाची रीत शिकविली. बंगाल्यांतील फुटबॉलचा पुढील इतिहास सर्वविश्रुत आहे. २९ जुलै १९११ रोजीं मोहनबागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा दोन विरुद्ध एक गोलांनीं पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्या संघांतील बहुतेक सर्व खेळाडू अनवाणी होते. ज्या दिवशीं अनवाणी पायांनीं बुटांवर मात केली, त्या दिवशीं हा खेळ साहेबाचा राहिला नाहीं.

आतां वर सांगितलेलीं मापें लावून पाहा. असोसिएशनचे मुख्य नियम लहान मुलासही एका सायंकाळीं समजतात. रग्बीचे नियम समजून घेण्यास एक हंगाम लागतो. वाटोळा चेंडू चिंध्यांचाही होतो. लांबट चेंडू घरीं करतां येत नाहीं. रग्बींत प्रतिपक्ष्यास मिठी मारून जमिनीवर पाडावयाचें असतें. त्यासाठीं मऊ हिरवळ पाहिजे. दख्खनच्या मुरमाड जमिनीवर तसा खेळ खेळणें म्हणजे गुडघे व कोंपरें सोलून घेणेंच होय! शिवाय अंगास अंग भिडविण्याची हौस भागविण्यास आमच्याकडे कुस्तीचा आखाडा व हुतूतूचें पटांगण अगोदरच सज्ज होतें. ती जागा रिकामी नव्हती; पायानें खेळावयाच्या चेंडूची जागा मात्र रिकामी होती.

या खेळाच्या प्रसारांत मिशनरी शाळांचा वाटा मोठा आहे. गोव्यांत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनीं १८८३ सालीं शिवोलीस फुटबॉल आणिला, असें मानतात. काश्मिरांत श्रीनगरच्या मिशन शाळेंत रेव्ह. टिंडेल-बिस्को यांनीं १८९१ सालीं चेंडू नेला, तेव्हां तेथील ब्राह्मण मुलें त्यास पाय लावीनात. कारण तो चामड्याचा होता. आग्रहानें खेळ सुरू झाला, आणि चेंडू नेमका एका मुलाच्या तोंडावर आदळला. विटाळ झाला म्हणून रडारड झाली. त्या मुलास जवळच्या कालव्यावर नेऊन तोंड धुवविलें, आणि खेळ पुढें चालूं झाला. त्या शाळेंत हा खेळ पुढें रुजला. शिवाशिवीच्या ज्या भिंती उपदेशानें सहज पडत नाहींत, त्यांस एखादा चेंडूही भगदाड पाडूं शकतो, हें या प्रसंगावरून दिसून येतें.

आपल्या प्रांतांत मुंबईस १८९१ सालीं 'रोव्हर्स कप' स्पर्धा सुरू झाली. आरंभीं ती गोऱ्या पलटणींचीच मिरासदारी होती. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें ती प्रथम हिंदी लोकांकडे आणिली. रग्बी मात्र मुंबई जिमखान्याच्या हिरवळीवर टिकून राहिली. त्या जिमखान्यांत स्वातंत्र्यापूर्वी हिंदी लोकांस सभासद होतां येत नसे. एक खेळ गल्लींत उतरला, दुसरा कुंपणाआड राहिला. दोहोंच्या लोकप्रियतेंत अंतर पडलें, यांत आश्चर्य तें काय? कोल्हापुरांत तर असोसिएशन फुटबॉलला तालमींनींच आपलेंसें केलें. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हीं तेथील फुटबॉल संघांचीं नांवें तालीम मंडळांचीं आहेत. जेथें मल्ल घडत, तेथेंच फुटबॉलचे संघ उभे राहिले, आणि पेठेचा अभिमान मैदानावर उतरला. त्याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ सालीं आपल्या देशांत भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेंत भारताकडून खेळला. आखाड्यानें परक्या खेळास ओसरी दिली व तो घरचा झाला. आपलेपणाचें याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रांत सांपडणार नाहीं.

आपल्या शहराचा संबंध दुसऱ्या एका थोर परंपरेशीं पोंचतो. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, हें १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होतें. त्याच राज्याच्या राजधानींतील 'हैदराबाद सिटी पोलिस' या संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीनें पांच वर्षें रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे गुरु सय्यद अब्दुल रहीम हे पेशानें शिक्षक होते. त्यांनींच शिकविलेला भारतीय संघ १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकांत चौथा आला. त्या स्पर्धेंत भारतानें ऑस्ट्रेलियाचा चार विरुद्ध दोन गोलांनीं पराभव केला व मुंबईकर नेव्हिल डिसोझा यांनीं तीन गोल केले. त्याच ऑलिंपिकांत ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलचाही एक सामना केवळ प्रदर्शनार्थ झाला. ज्या शहराचें मन दुसऱ्याच फुटबॉलवर जडलें होतें, तेथें जाऊन आमच्या लोकांनीं यजमानांस वाटोळ्या चेंडूच्या खेळांत नमविलें!

येथवर खेळ फुटल्याची कथा झाली. आतां खेळ जुळल्याची एक कथा पाहूं. ती आपल्या घरचीच आहे. महाराष्ट्राचा हुतूतू, मद्रासकडील चेडुगुडु व बंगालचा हाडुडु हे एकाच कुळांतील खेळ. परंतु प्रत्येकाची चाल निराळी. नुसत्या बाद होण्याच्या नियमावरूनही तीन प्रकार होते. 'संजीवनी'मध्यें प्रतिपक्षाचा गडी बाद झाला कीं आपला बाद गडी पुन्हां जिवंत होई. 'गामिनी'मध्यें बाद झालेला गडी सर्व संघ संपेपर्यंत बाहेरच राही. आणि 'अमर'मध्यें बाद झालेला गडीही खेळतच राही, फक्त गुण मोजले जात. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचें प्रदर्शन केलें, त्यांत हा खेळही होता. १९५० सालीं अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. नियम एक झाले आणि संजीवनीची पद्धति मुख्य ठरली. महाराष्ट्राचे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनीं त्यासाठीं आयुष्य वेंचलें. परिणाम असा झाला कीं, १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धेंत कबड्डीस पदकाचा मान मिळाला व पहिलें सुवर्णपदक भारतानें पटकाविलें. हुतूतूवाल्यांनीं, चेडुगुडुवाल्यांनीं व हाडुडुवाल्यांनीं आपापलाच हेका धरिला असता, तर हे खेळ आपापल्या प्रांतांत निजून राहिले असते. अर्थात् समेटासाठीं प्रत्येकास कांहीं सोडावें लागलें. गामिनी व अमर यांची गोडी जाणणाऱ्या वृद्धांस त्याची हळहळ वाटली असल्यास ती खोटी म्हणतां येणार नाहीं. पंजाबांत वर्तुळांत खेळावयाची निराळी कबड्डी आजही मोठ्या हौसेनें खेळली जाते, हेंही येथें ध्यानांत ठेवावें.

लोकप्रियता पैशानें विकत घेतां येते काय? २०१२ सालीं अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलची एक लीग भारतासाठीं काढण्यांत आली. तींत 'पुणे मराठाज' नांवाचा संघही होता. सामने श्रीलंकेंत खेळवून दूरचित्रवाणीवर दाखविले गेले. पण त्या चेंडूनें खेळणारीं मुलें आपल्या गल्लीबोळांत दिसूं लागलीं नाहींत. उलट रग्बीनें अलीकडे कुंपण ओलांडलें, तेव्हांपासून तिचें भाग्य पालटूं लागलें आहे. सात-सात खेळाडूंचा, चवदा मिनिटांत आटोपणारा तिचा छोटा प्रकार २०१६ सालीं ऑलिंपिकांत शिरला. ओडिशांतील आदिवासी मुलें-मुली तींत चमकलीं. पुण्याच्या वाहबिझ भरूचा यांनीं भारतीय महिला संघाचें नेतृत्व केलें. आणि २०१९ सालीं त्या महिला संघानें सिंगापूरचा पराभव करून पंधरा खेळाडूंच्या रग्बींतील आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला. खेळ तोच, दार उघडलें, एवढाच फरक.

विद्यार्थी मित्रहो, हा सर्व प्रपंच करण्याचें कारण आपल्या पायाखालच्या भूमीशीं निगडित आहे. औरंगपुरा, गुलमंडी या भागांत घरास घर लागलेलें असून मोकळी जागा सोन्याहून मोलाची आहे. औरंगपुऱ्यांतील जिल्हा परिषदेच्या मैदानावर २०१६ सालच्या दिवाळींत फटाक्यांचीं दुकानें थाटलीं होतीं आणि तीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलीं, हें अनेकांस स्मरत असेल. मैदान म्हणजे शहराला वेळीं-अवेळीं लागणारी मोकळी जागा, अशीच ज्याची त्याची समजूत. मग खेळांच्या वांट्यास काय उरणार? जें उरतें, तेंही बहुधा क्रिकेटच्या हातीं जातें; त्यांतून कांहीं वांचलें तर फुटबॉल तें घेतो; आणि खो-खो, कबड्डी व लहान वर्गांतील मुलें-मुली भिंतीकडेला उभीं राहतात. इंग्लंडांत जें भांडण नियमांवरून झालें, तें आपल्याकडे जागेवरून रोज होतें. आणि त्यांत बहुमत ज्याचें, मैदान त्याचें, हाच न्याय चालतो.

परंतु बहुमत ही श्रेष्ठतेची पावती नव्हे, हें आपण आतांच पाहिलें. ज्या खेळाचे नियम सोपे, साधन स्वस्त आणि दार उघडें, तो खेळ लोकप्रिय होतो. याचा अर्थ, जो खेळ आज मागें आहे, तो निकृष्ट आहे असा नसून त्याचें दार कोणी तरी अद्याप लावून ठेविलें आहे, असाही असूं शकेल. तें दार उघडणें आपल्या हातीं आहे. मैदान एकच असल्यास त्याचे वार वांटून घ्यावे. मोठ्यांनीं आठवड्यांतून एक सायंकाळ लहानांस सोडावी. आणि प्रत्येक संघनायकानें स्वतःच्या खेळाव्यतिरिक्त दुसऱ्या एका खेळाचे नियम मनापासून शिकून घ्यावे. दुसऱ्याचा खेळ एकदां मनापासून खेळून पाहिलेला मनुष्य त्याची टवाळी सहसा करीत नाहीं.

संत पौलानें एका देहाच्या अनेक अवयवांचा जो दृष्टांत दिला आहे, तो शाळेच्या क्रीडांगणासही तंतोतंत लागू पडतो. जलद धावणारा पाय, घट्ट पकडणारा हात व दम धरणारी छाती यांपैकीं कोणी कोणास नकोसें म्हणूं नये. खेळाखेळांतील चुरस अवश्य असावी. तीमुळें खेळ चांगले होतात. मात्र ती चुरस चांगलें खेळण्याची असावी, दुसऱ्यास मैदानाबाहेर घालविण्याची नसावी. कलकत्त्याच्या त्या क्लबाजवळ रुपये होते, मैदान होतें, खेळही उत्तम होता. फक्त शेजारच्या मुलास आंत बोलाविण्याची बुद्धि नव्हती. म्हणून चषक उरला आणि खेळ गेला. आपल्या शाळेच्या कपाटांत चषक कमी असले तरी चालतील. पण शाळा सुटल्यावर एकही मूल भिंतीस टेकून उभें नाहीं, असें मैदान आपलें असावें.